‘नाही’चा रकाना

आमच्या धंद्याचे सणवार सरकारी कॅलेंडरवर असतात. 30 जूनला घातक कचऱ्याचे वार्षिक विवरण, म्हणजे नमुना 4. 30 सप्टेंबरला पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे नमुना 5. या तारखा जवळ आल्या की माझा फोन थंड होत नाही आणि बहुतेक फोनवर मागणी एकच असते : “मॅडम, गेल्या वर्षीचंच चिकटवा ना, फक्त तारीख बदला.”

माझा मुलूख तसा लहान आहे. वसई, नालासोपारा, विरार, नायगाव या पट्ट्यातले पेट्रोलपंप, मच्छीमार सोसायट्यांचे बंदरावरचे डिझेलपंप, अहमदाबाद महामार्गालगत वाहतूकदारांच्या आवारातल्या त्यांच्या स्वतःच्या टाक्या आणि वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांतली जनरेटरची पिंपे. या मंडळींनी पर्यावरणाचे नियम पाळावेत आणि पाळल्याचे स्वतःच्या सहीने लिहून द्यावे, यासाठी मी मदत करते. लोक मला ‘फॉर्मवाल्या मॅडम’ म्हणतात. मी ते मनावर घेत नाही, कारण फॉर्म ही चीज मी गंभीरपणे घेते.

सहीवर विश्वास ठेवणारी ही पद्धत गेल्या पाच-दहा वर्षांत आली असा समज आहे. तो चुकीचा आहे. पर्यावरण संरक्षण नियमांत नियम 14 घातला गेला 1992 साली, आणि 1993 पासून प्रदूषण मंडळाच्या संमतीची किंवा घातक कचऱ्याच्या अधिकारपत्राची गरज असलेल्या प्रत्येक उद्योगाने आपले पाणी, आपला कचरा, आपले प्रदूषण यांचा हिशेब दरवर्षी स्वतः लिहून द्यायचा आहे. त्यानंतर ‘व्यवसाय सुलभते’च्या लाटेत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने स्वयंघोषणेवर संमतिपत्राचे आपोआप नूतनीकरण सुरू केले : उत्पादन आणि प्रदूषणाचा भार वाढला नाही असे लिहून द्या, शुल्क भरा, संमती घ्या. पुढे 2023 चा जनविश्वास कायदा आला. पर्यावरण संरक्षण कायद्यातली पाच वर्षांपर्यंतची कैद त्यामुळे गेली आणि 1 एप्रिल 2024 पासून तिथे दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आला. तुरुंगाची भीती गेली म्हणून काही शेठ खूश झाले. माझ्या मते दंडच जास्त खरा आहे, कारण तो प्रत्यक्षात बसण्याची शक्यता जास्त.

पंपवाल्यासमोर किती दारे असतात ते बाहेरच्याला कळत नाही. टाकीचा परवाना ‘पेसो’चा, म्हणजे 1898 पासून चालत आलेल्या आणि नागपुरात मुख्यालय असलेल्या स्फोटके खात्याचा. आपल्या भागासाठी त्यांचे कार्यालय बेलापूरला. त्याआधी जिल्हा प्रशासनाचा ना हरकत दाखला. नोझलमधून बरोबर माप पडते का, हे वैधमापन खाते पाच लिटरच्या मापाने तपासते आणि शिक्का मारते. भेसळ पाहायला पुरवठा खाते आणि तेल कंपनीचा विक्री अधिकारी. अग्निशमनासाठी महापालिका. प्रत्येकजण आपापल्या डोळ्याने बघतो : एक आग बघतो, दुसरा माप, तिसरा भेसळ. टाकीखालची माती कोण बघतो, असे विचारले की सगळे प्रदूषण मंडळाकडे बोट दाखवतात. मंडळाच्या एका क्षेत्र अधिकाऱ्याकडे शेकडो कारखाने असतात, आणि पंप त्याच्या यादीत खूप खाली.

गंमत अशी, की मातीची खबर पंपावर रोज सकाळी लिहिली जाते. फक्त ती वेगळ्या कारणासाठी लिहिली जाते. पहाटे मॅनेजर टाकीत डिप रॉड सोडतो, कुठवर ओली झाली ते बघतो, तक्त्यावरून लिटर काढतो. रॉडच्या टोकाला पेस्ट लावून तळाशी पाणी आहे का ते पाहतो. हायड्रोमीटरने घनता घेतो, तापमान घेतो आणि 15 अंशांवरची घनता काढून रजिस्टरात लिहितो. काल होते किती, टँकरने आले किती, नोझलवरून विकले किती, आज राहिले किती. ही वही घट-वाढीसाठी आणि तेल कंपनीच्या भीतीने ठेवलेली असते. पण जमिनीखालच्या टाकीची गळती सगळ्यात आधी कुठे दिसते, तर याच वहीत.

मात्र ती वाचता आली पाहिजे. पेट्रोल उष्णतेने बऱ्यापैकी फुगते : दहा हजार लिटरमागे एका अंशाला साधारण दहा-बारा लिटर. दुपारच्या उन्हात माहुल-शिवडीकडून घोडबंदरमार्गे आलेला टँकर टाकीत उतरला आणि रात्रभर जमिनीच्या गारव्यात निवला, तर सकाळी वीस-तीस लिटर ‘गायब’ झालेले दिसतात. ती गळती नव्हे. उलट सांध्यातून सेकंदाला एक थेंब जात असेल, तर दिवसाला जातात जेमतेम सव्वाचार लिटर. रोजच्या घट-वाढीत ते कोणाच्या नजरेस येत नाहीत, आणि वर्षाला होतात दीड हजार लिटरपेक्षा जास्त. म्हणून एका दिवसाचा आकडा मी बघतच नाही. महिनाभराची बेरीज मांडायची. तापमानाची घट-वाढ कधी इकडे, कधी तिकडे जाते; महिनाअखेर बरीचशी फिटते. गळती मात्र फक्त एकाच बाजूला जाते. सलग तीन महिने बेरीज उणे आणि उणेच असेल, तर टाकीची आणि पाइपची दाबचाचणी करून घ्यायची, मग शेठ काहीही म्हणो. आता बऱ्याच पंपांवर टाकीत आपोआप मोजणारी यंत्रे आहेत. त्यांच्या छापील पट्ट्या निघतात आणि ड्रॉवरमध्ये पडून राहतात. यंत्र आल्यापासून वही वाचणारा माणूस कमी झाला, असे माझे निरीक्षण आहे.

हे सगळे वसईत जास्त महत्त्वाचे का, ते इथल्या जमिनीत आहे. रेल्वेच्या पश्चिमेला वाळू आणि गाळाची सपाट पट्टी, तिच्यात हाताला लागेल इतके वर पाणी. त्या पाण्यावर इथल्या केळीच्या, पानवेलीच्या आणि फुलांच्या वाड्या जगल्या. गावोगावची बावखले ही काही नुसती तळी नव्हेत. पावसाचे पाणी धरून ठेवायचे, वाडीला द्यायचे आणि विहिरींना झिरपू द्यायचे, अशी ती मुद्दाम खोदलेली व्यवस्था. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘हरित वसई’ची चळवळ उभारली, तेव्हा मुद्दा बांधकामांचा होता आणि टँकरने उपसल्या जाणाऱ्या पाण्याचाही. पाणी किती उरले यावर वसईत पुष्कळ बोलणे झाले. त्या पाण्यात काय मिसळते आहे, यावर तितके झालेले नाही.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलके. गळलेले पेट्रोल मातीतून खाली जाते आणि भूजलाच्या पातळीवर तरंगते. पावसाळ्यात ती पातळी वर येते, उन्हाळ्यात खाली जाते आणि प्रत्येक फेरीत पेट्रोल मातीच्या थरांना फासले जाते. मग गळती बंद केली तरी माती वर्षानुवर्षे वास सोडत राहते. पूर्वेला, तुंगारेश्वराच्या बाजूला, खाली काळा कातळ. तिथे ते भेगांतून जाते आणि कुठे निघेल याचा भरवसा नाही. शिवाय त्यातले बेंझीन पाण्यात विरघळते. बीएस-6 पेट्रोलमध्ये ते आकारमानाने एक टक्क्यापर्यंत चालते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमध्ये जास्तीत जास्त दहा मिलिलिटर, वजनाने पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरमागे दहा मायक्रोग्रॅम. भागाकार करून बघा : सगळे बेंझीन विरघळले असे धरले, तर एका लिटरने आठ लाख लिटरहून जास्त पाणी त्या मर्यादेला पोचते. प्रत्यक्षात सगळे विरघळत नाही, काही उडते, काही जिवाणू खातात. तरी हा भागाकार मी प्रत्येक नव्या पंपमालकाला त्याच्याच कॅल्क्युलेटरवर करायला लावते. माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा त्याचा परिणाम वेगळा होतो.

त्यात आता इथेनॉल. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल 2023 च्या फेब्रुवारीत विक्रीला आले आणि दोन-अडीच वर्षांत सगळीकडे पसरले. इथेनॉल पाणी शोषून घेते. टाकीच्या झाकणातून पावसाचे पाणी थोडे शिरले तर आधी काही कळत नाही. प्रमाण ओलांडले की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. मग सकाळी पंधरा दुचाकी बंद पडतात आणि पंपावर गर्दी जमते. हे पाणी वेळीच ओळखायला इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारी पेस्ट लागते. जुनीच डबी वापरून ‘पाणी नाही’ असे लिहिणारे पंप मी पाहिले आहेत. मातीत गळले तर आणखी एक भानगड : जमिनीतले जिवाणू आधी इथेनॉल फस्त करतात, त्यात प्राणवायू संपतो आणि बेंझीन तसेच लांबवर पसरत जाते.

पावसाळ्याचे म्हणाल तर जुलै 2018 इथे कोणी विसरलेले नाही. वसई-नालासोपारा पाण्याखाली, विरारकडच्या गाड्या बंद, मिठागरांत माणसे अडकलेली. त्या दिवसांत मला झोप लागेना ती रिकाम्या टाक्यांच्या काळजीने. वीस हजार लिटरची रिकामी टाकी पुरती पाण्यात बुडली तर पाणी तिला वीस टनांच्या जोराने वर ढकलते, आणि टाकीचे स्वतःचे वजन त्याच्या मानाने बरेच कमी. वरचा काँक्रीटचा भार आणि पट्ट्यांची बांधणी धड नसेल तर टाकी उचलली जाते, पाइप तुटतात. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात माझा एक ठरलेला निरोप जातो : पावसाळाभर टाकी अर्ध्याच्या खाली नेऊ नका. हे कुठल्याही नियमात लिहिलेले नाही. भांडवल अडकते म्हणून शेठ लोकांना आवडतही नाही.

गाळ्यांचे जग वेगळे. तिथे पंप नाही, फलक नाही, जनरेटरच्या मागे डिझेलची पिंपे. पेट्रोलियम कायद्यानुसार डिझेलसारख्या ‘ब’ वर्गाच्या इंधनाला अडीच हजार लिटरपर्यंत परवाना लागत नाही, मात्र एकही भांडे हजार लिटरपेक्षा मोठे नसावे. म्हणजे दोनशे लिटरची बारा पिंपे चालतात, तेरावे आले की परवाना. या तेराव्या पिंपावर माझे जितके वाद झाले तितके कशावरच नाहीत. “रिकामं आहे मॅडम,” असे सांगितले जाते. मी बोटाने ठोकून बघते. पण खरे सांगायचे तर मला तेराव्या पिंपाची फिकीर कमी आणि बाराही पिंपे नाल्याच्या कडेला उघड्या मातीवर ठेवली आहेत याची जास्त. त्यांच्याखाली बंधारा घातलेला काँक्रीटचा चौथरा हवा. संख्या कायद्यात बसते, गळती नाल्यात जाते.

आता मूळ मुद्दा. स्वयंघोषणेचे जे फॉर्म आपल्याकडे भरून घेतले जातात, त्यांत बहुतेक प्रश्नांना एकच उत्तर चालते : होय. टाकी साफ केल्यावर निघालेला गाळ नव्वद दिवसांच्या आत अधिकृत ठिकाणी पाठवला का? होय. नमुना 10 चे चलन जपून ठेवले का? होय. ‘नाही’ लिहिले की अर्ज अडकतो, शेरा पडतो, कोणीतरी बोलावून घेते. माणूस मुळात खोटारडा नसतो, पण फॉर्मच त्याला शिकवतो. तळोज्याच्या घातक कचरा प्रकल्पात जायचा गाळ टाकी धुणाऱ्या ठेकेदाराने रस्त्यात कुठे ओतला, हे मालकाला खरेच माहीत नसते. तो ‘होय’ लिहितो आणि वर्षभर निश्चिंत होतो.

अमेरिकेने जमिनीखालच्या टाक्यांचा धडा आपल्याआधी गिरवला. 1984 साली तिथे कायदा झाला, 1988 मध्ये नियम आले आणि जुन्या टाक्या सुधारायला, बदलायला किंवा बंद करायला 22 डिसेंबर 1998 पर्यंतची दहा वर्षे दिली. तरीही इतक्या पंपांवर पोचायला निरीक्षक पुरेनात. तेव्हा मॅसॅच्युसेट्स राज्याने ड्रायक्लीनिंगची दुकाने, फोटो धुणारे आणि छापखाने अशा बारक्या उद्योगांसाठी एक वेगळी पद्धत काढली, आणि ऱ्होड आयलंडसारख्या राज्यांनी ती इंधनाच्या टाक्यांना लावली. त्यात तीन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. मालकाला समजेल अशा भाषेतले पुस्तक. त्यावरून भरायची घोषणा, जिच्यात ‘नाही’ असे उत्तर आले तर दंडाऐवजी जोडपत्र भरायचे : काय कमी आहे, कधीपर्यंत करणार. आणि तिसरे, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या थोड्या ठिकाणी प्रत्यक्ष तपासणी, आधी आणि नंतर, म्हणजे लोक खरे लिहितात का आणि सुधारतात का, हे संख्येने कळते. आपण यातली घोषणा तेवढी उचलली. पुस्तक नाही, जोडपत्र नाही, आणि तपासणी चिठ्ठीने न होता तक्रारीने होते.

तपासणीबद्दल बोलताना महाराष्ट्रात एक नाव टाळता येत नाही. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ पानेवाडीत इंधनातली भेसळ पकडताना जिवंत जाळले. त्यानंतर काही दिवस राज्यभर छापे पडले. छापा ही तपासणी नव्हे, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. कोणाच्या दारी कधी जायचे हे सोडतीने ठरले, जाणारे दोघे-तिघे असले आणि सगळ्यांना ते आधीपासून माहीत असले, की एकट्या अधिकाऱ्याला शूर असावे लागत नाही.

सरकारी फॉर्म बदलणे माझ्या हातात नाही. वही माझ्या हातात आहे. माझ्याकडच्या प्रत्येक ठिकाणी मी एक साधी मराठी वही ठेवायला लावते. तीन रकाने : आहे, नाही, कधीपर्यंत. प्रश्न मी लिहिलेले, कामगारांच्या बोलीत. ‘टँकर लागल्यावर अर्थिंगची क्लिप आधी लावता का?’ ‘फिलिंगच्या तोंडाभोवतीची कुंडी कोरडी आहे का? हात घालून बघा.’ ‘व्हेंट पाइपच्या टोकाची जाळी कधी बदलली?’ ‘गेल्या महिन्याची घट-वाढीची बेरीज किती?’ अट एकच : पहिल्या वर्षी ‘नाही’च्या रकान्यात निदान चार खुणा दिसल्या पाहिजेत. सगळेच ‘आहे’ असेल तर मी वही परत देते. सुरुवातीला लोकांना ही माझी विक्षिप्तपणाची लहर वाटली.

बंदरावरच्या एका सोसायटीत हा रकाना चांगला रुजला. तिथे डिझेलपंप म्हणजे सोसायटीचा कणा. बोटींचे इंधन, विक्रीकराच्या परताव्याचे कागद, सगळे त्याभोवती. खाऱ्या वाऱ्याने वरचे पाइप दोन-तीन पावसाळ्यांत सोलवटतात. सेक्रेटरी वयस्क, बोलायला फटकळ. पहिल्यांदा म्हणाले, “बाय, आमी ‘नाय’ लिवला तर तू साहेबाला दाखवशील.” मी म्हटले, दाखवणार नाही, पण तुम्ही तुमच्या वार्षिक सभेत वाचून दाखवा. त्यांनी खरेच वाचले. सभेत बोटमालकांनी आरडाओरडा केला, दीड तास. आणि जेट्टीकडे जाणारा गंजका पाइप बदलायचा ठराव त्याच सभेत झाला, कारण जेट्टीखालच्या पाण्यावर डिझेलचा तवंग दिसतो हे प्रत्येकाला ठाऊक होते. तो कागदावर कोणी आणला नव्हता इतकेच. आता शेजारच्या पंपाचा मॅनेजर आणि सोसायटीचा माणूस वर्षातून एकदा एकमेकांच्या वह्या तपासतात. कोणी कोणाकडे जायचे ते चिठ्ठीने. एकमेकांच्या चुका काढण्यात जो आनंद असतो, त्याचा मी निःसंकोच उपयोग करून घेते.

सगळीकडे असे जमत नाही. पेट्रोलची वाफ परत गोळा करणाऱ्या यंत्रणेचेच बघा. दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरात महिन्याला 300 किलोलिटरपेक्षा जास्त पेट्रोल विकणाऱ्या पंपांना ती लावायची आहे. 2011 च्या जनगणनेतच वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या 12 लाख 22 हजार होती, तेव्हा इथे पळवाट नाही. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंपांवर संमतिपत्राची सक्ती करणारा हरित लवादाचा निर्देश रद्द केला, पण वाफेची यंत्रणा कायम ठेवली. अनेकांनी त्यातले पहिले वाक्य वाचले आणि कागद मिटला. यंत्रणा बसवली तरी नोझलवरचा रबरी पडदा फाटलेला, किंवा टँकर उतरवताना वाफेची नळी जोडलीच नाही, असे सर्रास दिसते. जोडायला दहा मिनिटे जातात आणि ड्रायव्हरला पुढची खेप गाठायची असते. ती वाफ श्वासात जाते पंपावरच्या पोरापोरींच्या, आठ-दहा तास. वहीतला हा प्रश्न मी मुद्दाम मॅनेजरला विचारत नाही. नोझल धरणाऱ्या मुलीला विचारते. तिचे उत्तर सहसा ‘नाही’च्या रकान्यात जाते, आणि पुढचा ‘कधीपर्यंत’ मालक टाळत राहतो, कारण यंत्रणा तेल कंपनीची, दुरुस्ती कोणाची यावर पत्रव्यवहार चालू असतो.

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचे पर्यावरण लेखापरीक्षण नियम आले. नोंदणीकृत खासगी लेखापरीक्षक येणार, आणि कोणाकडे कोण जाणार हे मालकाने नव्हे, सोडतीसारख्या पद्धतीने ठरणार. माझ्या व्यवसायातले काहीजण नव्या कामाच्या आशेने नोंदणीची तयारी करत आहेत. लेखापरीक्षकाला मालकाने निवडायचे नाही, एवढी एकच तरतूद नीट टिकली तरी बरेच साधेल. ती टिकू नये म्हणून प्रयत्न होतील, हेही नक्की.

परवा नालासोपाऱ्याच्या एका पंपावर मॅनेजरने विचारले, “मॅडम, तो ऑडिटर आला तर ही वही लपवायची ना?” मी म्हटले, टेबलावर ठेवा, आणि उघडताना गेल्या वर्षीच्या पानापासून उघडा. तिथे सात ‘नाही’ आहेत, त्यांतले पाच तारखेसकट खोडले गेले आहेत. उरलेल्या दोनबद्दल तो विचारील. त्याची उत्तरे मात्र तुम्ही द्यायची, मी नाही.